कॉम्प्युटरातला ओढा

घशाच्या डॉक्टरांनी आक्काला सांगितलं, "आजपासून ओरडणं बंद." आक्का म्हणाली, "आन् ओढ्यात मानसं आसली तर?" डॉक्टरांना वाटलं, बाई गंमत करतेय. ते हसले. ती हसली नाही.

त्यांनी नळीला लावलेला बारीक कॅमेरा तिच्या घशात घालून पडद्यावर मलाही दाखवलं होतं. आत आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्यांच्यावर तांदळाच्या कणीएवढ्या गाठी आल्या होत्या. ओरडून ओरडून. हळू बोलली तर आवाज राहील, ओरडत राहिली तर जाईल आणि परत येणार नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन पुन्हा समजावलं. जशी काही मीच तिची मोठी बहीण. खरं तर वयाने तीच दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिच्या जन्माची नोंद कुठेच नाही, तेव्हा हेही अंदाजानेच.

लोहगडवाडीकडे जाणारी वाट आहे ना, तिला लागून एक ओढा वाहतो, त्याच्या काठाला आक्काची टपरी आहे. चहा, कांदाभजी, भाजलेलं कणीस, आणि हल्ली गडावर येणारी मुलं मागतात म्हणून नूडल्स. ती वरच्या वाडीची. आमची ओळख मात्र टपरीच्याही आधीची. मी लग्न होऊन लोणावळ्यात आले तेव्हा ती डोक्यावर पाटी घेऊन आमच्या आळीत करवंदं विकायला यायची. माझं दार आळीतलं शेवटचं, म्हणून तिथे पाटी उतरवून पाणी प्यायची. मी दारात रांगोळी काढत असले की बघत बसायची आणि निघताना सांगायची, "बाई, तुझा मोर लय जाड झालाय." बघावं तर खरंच झालेला असायचा. माझ्या रांगोळीला मंडळाची बक्षिसं मिळायची, आळीतल्या बाया तोंडभर कौतुक करायच्या, पण मी वाट बघायची ती आक्काची. अशी आमची मैत्री.

आता तिच्या ओरडण्याचं सांगते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी त्या ओढ्यात पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईची माणसं पाण्यात बसतात, फोटो काढतात, भजी खातात. खाली ऊन असतं आणि वर पठारावर ढग फुटलेला असतो. खालच्या माणसाला ते कळत नाही. चहाला उकळी यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गुडघाभर पाणी छातीपर्यंत येतं. आक्काला ते आधी कळतं. वीस वर्षं ती टपरीतून कढईपुढून उठते, काठावर उभी राहते आणि ओरडते, "वर या रे, पानी आलं." आवाज असा की ओढ्यापलीकडच्या म्हशी माना वर करायच्या. लोक कुरकुरत वर यायचे. एकदा एक साहेब म्हणाले होते, मावशी, तुमची भजी खपावीत म्हणून बोलावता ना. पाच मिनिटांत ते बसले होते तो दगड दिसेनासा झाला. साहेबांनी मग चार प्लेट भजी घेतली.

"माज्या म्होरनं एकबी मानूस व्हाऊन गेला न्हाई," असं ती सांगते. यात बढाई नसते. कुणी सांगावं माझ्या हातचं लोणचं कधी बिघडलं नाही, तसं सांगते.

आणि आता ओरडायचं नाही. डॉक्टरांनी शिट्टी सुचवली. गेल्या पावसाळ्यात घसा बसायला लागला तेव्हाच आक्काने ती करून बघितली होती. गडावर येणाऱ्या निम्म्या पोरांच्या गळ्यात शिट्टी असते, धबधबा दिसला की सगळे मिळून वाजवतात. हिने वाजवली तर ओढ्यातून उलटी उत्तरं आली. भोंगा लावला तर गाणं सुरू होणार असं समजून माणसं नाचायला लागली. तिच्या सूनबाईला ओरडायला उभं केलं, तर तिचा आवाज आरतीचा. तिने "वर या हो" म्हटलं की लोक हात हलवून तिला नमस्कार करायचे.

डॉक्टरांकडून परत येताना रिक्षात मी म्हटलं, "आक्का, मी तुला चित्र करून देते. हलतं चित्र. टपरीत लावू. ओढा कसा चढतो ते लोकांना आधीच दिसलं की तुला ओरडावं लागणार नाही."

"तू?" ती म्हणाली.

"का? मी करते की कॉम्प्युटरवर."

"करतीस. दिवा करतीस, गणपती करतीस. पानी कदी केलंयस?"

नव्हतं केलं, हेही खरं.

मी कॉम्प्युटर कसा शिकले ते थोडक्यात सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई कुठल्या कॉलेजात गेली. माझी शाळा सातवीपर्यंत. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खाली बसून रांगोळी काढणं संपलं. मुलगी पुण्यात जाहिरातींचं काम करते. तिने तिचा जुना कॉम्प्युटर आणून माझ्या खाटेशेजारी ठेवला, म्हणाली, आई, यात रांगोळी काढ, बसून. त्यात चित्राला हलवायचं सॉफ्टवेअर होतं. मग मी हिंदीत शिकवणारी एक-दोन मुलं इंटरनेटवर शोधली. ती भरभर बोलायची, मी थांबवून थांबवून ऐकायची आणि वहीत लिहून घ्यायची. एका चित्रावर दुसरं पारदर्शक चित्र ठेवायचं त्याला लेअर म्हणतात, हे मला पहिल्याच दिवशी समजलं, कारण रांगोळीतही आधी सडा, मग गेरू, मग ठिपके, मग रंग असेच थर असतात. वर्षभरात मी हळदीकुंकवाची निमंत्रणं करायला लागले. त्यात समई तेवायची, अक्षता पडायच्या. नात्यातली सगळी बारशी माझ्याकडे यायची.

ज्योत सोपी असते. ज्योत एकटी असते. पाणी मात्र शेजारपाजार घेऊन येतं, ते मला पुढे कळलं.

पहिलं पाणी केलं ते शिकवणाऱ्या मुलाने सांगितलं तसंच. करड्या ढगांसारखा एक पोत कॉम्प्युटर आपोआप तयार करतो, कुठे काळा, कुठे पांढरा. तो आडवा ताणायचा आणि हळूहळू सरकवायचा. मग खालच्या चित्राला सांगायचं, हा पोत जिथे पांढरा असेल तिथे तू जरा उजवीकडे सरक, काळा असेल तिथे डावीकडे. झालं. चित्र पाण्यात पडल्यासारखं हलायला लागतं. वर थोडी चमक, थोडा निळा रंग. मला स्वतःला इतकं आवडलं की आमच्या ह्यांना स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं. हे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, म्हणाले, "थंड वाटतंय बघून." मी खूश.

आक्का आली ती भर उन्हाळ्यात, जांभळं घेऊन. पंख्याखाली बसवलं, पडदा तिच्याकडे वळवला. तिने बराच वेळ बघितलं. बोलणं कमी केलेलं, त्यामुळे चेहऱ्यावरूनच अंदाज घ्यायचा.

"हे कुनाचं पानी?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्या ओढ्याचं."

"आमचा ओढा निळा कदी झाला? पानी निळं कुटं आसतं?"

मला आठवेना. म्हणजे बघा, साठ वर्षं पाणी बघतेय आणि विचारल्यावर निळं सोडून दुसरा रंग डोळ्यांपुढे येईना. चित्रातलं पाणी निळं असतं म्हणून मी निळं केलं होतं.

"आन् हे चाललंय कसं," ती म्हणाली, "जेवून उटल्यावानी. ही तुज्या म्हायेरची नदी हाय."

ते अगदी बरोबर निघालं. माझं माहेर इंदुरी. इंद्रायणी तिथे रुंद आणि शांत, किल्ल्याच्या अंगाने सावकाश जाते. माझ्या हाताला पाणी म्हणून तेच ठाऊक. बटणावर बोट ठेवून वेग ठरवताना मी नकळत लहानपणचा घाट धरून बसले होते.

मी वेग वाढवला. तिने पुन्हा बघितलं, मग पडद्यावरच्या दगडाला बोट लावलं. "तुजं पानी दगडाला वळखत न्हाई. त्याच्यातनं जातंय. भुतावानी." आणि थोड्या वेळाने, "हे पान मगाशी गेलतं. परत आलं. गेलेलं पान परत येतं व्हय?"

मी आठ सेकंदांचा तुकडा केला होता आणि तोच पुन्हा पुन्हा फिरत होता. सांध्यापाशी पान वरून पुन्हा निघायचं. हे माझ्या मुलीलाही दिसलं नव्हतं. फोनवर तिला सांगितलं तर हसायला लागली. म्हणाली, "आई, आमच्या ऑफिसात अशी माणसं ठेवत नाहीत, परवडणार नाही."

जूनच्या शेवटी ओढा वाहायला लागला तशी मी आठवड्यातून दोनदा टपरीवर जायला लागले. मधल्या वारी, गर्दी नसताना. दगडांवरून चालायला गुडघा कुरकुरायचा, आक्का कोपराला धरायची. पाणी नुसतं बघून मला काही कळेना. सगळं एकाच वेळी हलतं, नजर ठरत नाही. मग मला पाण्यावरच्या रांगोळीची युक्ती सुचली. परातीत पाणी घेऊन त्यावर कोळशाची बारीक पूड चाळली की ती तरंगते, माहीत आहे ना? त्यावर मग रंग बसतात. मी घरून कोळशाची पूड आणि गाळणी घेऊन गेले आणि ओढ्यावर चाळली.

आणि काय सांगू, पाण्याने स्वतःच रेघा काढून दाखवल्या. मधली पूड सुसाट गेली. काठाची रेंगाळली. मोठ्या दगडाच्या वरच्या बाजूला ती क्षणभर थबकली, दोन्ही अंगांनी फाटली, आणि दगडाच्या खालच्या बाजूला चक्क उलटी फिरली. प्रवाहाच्या उलट, दगडाकडे परत. तिथेच गोल गोल फिरत राहिली.

"बघ," आक्का कुजबुजली. "दगडाच्या पाठीला पानी बसाया येतं."

हे तिला माहीतच होतं, लहानपणी त्याच जागी ती खेकडे धरायची. मला मात्र गाळणीतून चाळल्यावर कळलं. मी पुन्हा पुन्हा चाळली. वाटेवरचे दोन ट्रेकवाले थांबून बघत होते, एकाने विचारलं, काही धार्मिक आहे का. आक्काने मान हलवून होय म्हटलं. तेवढंच बोलणं वाचलं.

घरी आल्यावर मी पाण्याचे तुकडे केले. मधलं वेगळं, काठचं वेगळं, दगडापुढचं वेगळं, दगडामागचं उलटं फिरणारं वेगळं. प्रत्येकाला स्वतःचा पोत, स्वतःचा वेग. सांधे दिसू नयेत म्हणून कडा मऊ केल्या. दगडाच्या ओल्या भागाला गडद केलं. फेसासाठी हजारो बारीक ठिपके सोडले. त्यांना कण म्हणतात, ते किती वेळ जगतील, कुठे विझतील हेही आपणच ठरवायचं. दुपारी जेवणं झाली की मी बसायची ते चहापर्यंत. दोन वेळा भात करपला. हे म्हणायचे, "पाणी कॉम्प्युटरात घालतेस आणि कुकरात विसरतेस."

जुलैच्या मध्यावर झालं. मोबाइलवर ओढ्याचा आवाज भरून घेतला होता, तो जोडला. ऊन पडलंय, पाणी फुटतंय, तुषार चमकतायत, कॅमेरा हळूहळू दगडावरून सरकत धबधब्यापाशी जातो, आणि शेवटी पाणी वाढतं. मुलगी पुण्याहून बघून म्हणाली, "आई, हे तू केलंस?" दोनदा म्हणाली. आमच्या घरचा जुना टीव्ही टपरीत नेला, वर प्लॅस्टिक बांधलं आणि रविवारी सकाळी लावला.

लोक जमले. भज्यांची वाट बघता बघता बघायला लागले, मोबाइलवर काढून घ्यायला लागले. मी बाकावर बसून पदराने चष्मा पुसत होते, मान ताठ. एक मुलगी आली आणि आक्काला म्हणाली, "मावशी, हा स्पॉट कुठे आहे? इथून वर जायचं का?" आक्का काही बोलायच्या आत कुणीतरी ओढ्याकडे बोट दाखवलं. ते सात-आठ जण बूट काढून निघाले. त्यांच्यामागे आणखी चौघं. माझ्या चित्रातली जागा शोधत ते नेहमीपेक्षा वर, अडचणीत गेले.

आणि दुपारी पाणी आलं.

सूनबाई ओरडली. मी ओरडले. माझा आवाज टपरीबाहेरही गेला नसेल. मग आक्का काठावर गेली आणि ओरडली, जशी वीस वर्षं ओरडायची तशी. पहिली हाक पूर्ण निघाली. दुसरी मध्येच फाटली. तिसरीला नुसती हवा आली. पण पहिलीने काम केलं होतं, माणसं दगडांना धरून धरून वर आली, एकीची चप्पल गेली तेवढंच. आक्का परत आली, बाकावर बसली, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. ओठ हलले, आवाज नव्हता. मला वाटलं शिव्या देतेय. सूनबाई जवळ होती, तिने सांगितलं, "आत्या म्हणतात, बाईनं जाहिरात केली."

मला हसूही आलं आणि रडूही.

सोमवारी तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. पंधरा दिवस एक शब्दसुद्धा काढायचा नाही असं ठरलं. यापुढे ओरडलात तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टर म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत. घरी आल्यावर मी कॉम्प्युटर झाकून ठेवला. तीन दिवस उघडला नाही. चौथ्या दिवशी ह्यांनी चहा घेता घेता विचारलं, "ते पाणी फार सुंदर झालं होतं, नाही का?"

"झालं होतं," मी म्हटलं, तोंड वाकडं करून.

"अगं, सिग्नल कधी सुंदर असतो का? त्याच्याकडे बघत कुणी उभं राहत नाही. तो एकच गोष्ट सांगतो आणि माणूस थांबतो."

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी रांगोळीविषयी मला कधी अक्षर सांगितलं नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि सरळ एसटी स्टँड गाठला.

आक्का मुकी, पण हात मोकळे होते. मी विचारलं, "पाणी येतंय हे तुला सगळ्यात आधी कशावरून कळतं?" तिने मला काठाला नेलं. खाली पडलेली वाळकी पानं मुठीत घेतली आणि पाण्यावर सोडली. एक. मग दोन. मग ओंजळभर, काड्यांसकट. माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. समजलं? पठारावर जोराचा पाऊस झाला की महिनाभर झाडाखाली पडून राहिलेला पाचोळा आधी उचलला जातो, पाणी नंतर. मग टपरीत येऊन तिने चहाचा कप माझ्यापुढे धरला आणि त्यात बोट दाखवलं. रंग. पाचोळ्यामागे रंग येतो, दूध कमी घातलेल्या चहासारखा. मग हाताचा पंजा आडवा धरून हळूहळू वर उचलला आणि दुसऱ्या हाताची मूठ त्याखाली बुडवली. ती मूठ म्हणजे दगड. ओढ्याच्या मधोमध एक चपटा दगड आहे, सगळे त्याच्यावरच बसून फोटो काढतात, तो.

एवढंच. पाचोळा, चहा, दगड.

घरी येऊन मी कॅमेरा हलवायचा बंद केला. टपरीतून ओढा जसा दिसतो तसाच, एका जागेवरून, तोच चपटा दगड मधोमध. धबधबा काढून टाकला. तुषार काढले. चमक काढली, आणि ती काढताना जीव कसा तुटत होता ते मलाच माहीत, कारण ती चमक जमवायला मला अकरा दुपारी लागल्या होत्या. गढूळ पाणी चमकत नाही, तळ दाखवत नाही. त्यात आभाळाचं प्रतिबिंबही नीट पडत नाही. म्हणजे पाणी सुंदर दिसावं म्हणून जे जे शिकले होते ते एकेक करून बंद करायचं होतं. फेस पांढरा नको, मळकट हवा. आवाजसुद्धा काढला, नाहीतर लोकांना झोप येईल म्हणाली मुलगी. दगडामागचं उलटं फिरणारं पाणी तेवढं ठेवलं. पानं त्या भोवऱ्यात अडकून फिरतात, तिथे जमा होतात, आणि तिथेच ती नजरेला आधी दिसतात.

शेवटी अक्षरं टाकायची होती. आक्काला वाचता येत नाही, पण काय लिहायचं ते तिनेच ठरवलं. मी चार-पाच वाक्यं म्हणून दाखवली, सावधान, धोका, सहकार्य करा. ती नाही नाही अशी मान हलवत राहिली. मी म्हटलं, "पानं आली की वर या." तिने माझ्या हातावर थापटी मारली. तेच मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत.

टीव्हीवर लावलं तेव्हा कुणी मोबाइल काढला नाही. लोक भजी घेता घेता एकदा बघायचे, दुसऱ्यांदा नजर जायची, आणि मग बोलायला लागायचे. बोलण्याचा विषयसुद्धा दुसराच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आक्का मात्र खूश दिसत होती, का ते मला समजेना.

श्रावण लागल्यावरचा रविवार. माझे हे पण आले होते, कणीस खात बसले होते. आक्काला हळू बोलायची परवानगी मिळून चार दिवस झाले होते. खाली छान ऊन. गडाच्या मागे आभाळ काळं. ओढ्यात दहा-बारा माणसं, चपट्या दगडावर दोन तरुण, आमच्याकडे पाठ करून. आक्का कढईपाशी होती, पण तिचं लक्ष तेलात नव्हतं. मग तिने झारा ठेवला. मी पाण्याकडे बघितलं. दगडाच्या पाठीला चार पानं गोल फिरत होती. बघता बघता दहा झाली.

आक्का काठाला गेली. मी मागून तिचा पदर धरला. धरून काय करणार होते, देव जाणे. ओरडू नको म्हणायचं तर समोर माणसं, ओरड म्हणायचं तर तो घसा. तिने श्वास घेतला. छाती वर आलेली मला पाठीमागून दिसली.

पाण्यात एक बाई उभी होती, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आमच्याच वयाच्या आसपासची. तिच्या पोटऱ्यांना काड्या अडकत होत्या. तिने वाकून एक पान उचललं. टपरीकडे बघितलं. पुन्हा पाण्याकडे. आणि आपल्या माणसांना म्हणाली, "अरे, पत्ते आ गए. चलो, चलो ऊपर."

"आंटी, पत्ते ही तो हैं," त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं.

"बोला ना, चलो."

ते निघाले तसे बाकीचेही निघाले. माणसांचं तसंच असतं, एक उठला की दुसऱ्याला थंडी वाजायला लागते. दगडावरचे दोघे मात्र तसेच, आपल्याच गप्पांत. आक्काचा श्वास अजून आतच होता. पण काठावर आलेल्या दहा-बारा जणांनी मागे वळून बघितलं आणि सगळे एकदम ओरडले, कुणी हिंदीत, कुणी मराठीत. त्या दोघांनी वळून पाहिलं, पायाखालचं पाणी पाहिलं, आणि ते उड्या मारत आले.

आक्काने श्वास सोडला.

पाण्याचा रंग तोवर बदलला होता. मग ते चढलं. चपटा दगड अर्धा गेला, मग त्याच्या जागी नुसता फुगवटा राहिला. ती सलवारवाली बाई आमच्या टीव्हीकडे आणि ओढ्याकडे आळीपाळीने बघत होती. सूनबाईने सगळ्यांना भजी दिली. ह्यांनी स्वतःचं अर्धं कणीस कुणाला तरी देऊन टाकलं आणि नंतर मला म्हणाले, का दिलं मला माहीत नाही.

आक्का काठावरच उभी होती. मी जवळ गेले. म्हटलं, "बस की आता. ओरडायचं काम झालं."

"मग मी काय करू?"

"बस नुसती."

ती दगडी बांधावर टेकली. पावसाळ्यातल्या रविवारी तिला बसलेली मी कधी पाहिली नव्हती. ओढा समोरून धाड धाड जात होता. ती बराच वेळ बघत राहिली, मग डॉक्टरांनी शिकवलेल्या हळू आवाजात म्हणाली, "वीस वरसं मी ह्याच्याकडं बगितलंच न्हाई गं. चढाया लागला की मी मानसांकडंच बगायची. कोन ऱ्हायलं, कोन आलं."

"कसा दिसतोय?"

"बरा दिसतोय." तिने शेजारी बांधावर हात थोपटला. "बाई, हितं ये. हितनं बग. मदी उंच हाय का न्हाई?"

मी तिच्याशेजारी टेकले, गुडघा लांब करून. चष्मा पुसला. खरंच, चढता ओढा सपाट नव्हता. मधोमध पाठ वर काढून चालला होता, आणि काठाकडे उतरता होता. काड्या आणि पानं त्या उतारावरून घसरून कडेला येत होती. मला तोवर हे दिसलं नव्हतं, कोळशाच्या पुडीनेही दाखवलं नव्हतं, कारण आम्ही ती चाळली तेव्हा पाणी चढतं नव्हतं.

"तुज्यात हे न्हाई," आक्का म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "करते."